मोठ्या सुट्टीचा कारभार

१ डिसेंबर, सोमवार

मी मंत्री झाले! क्रीडामंत्री!

आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. जूनमध्ये निवडून आलेला क्रीडामंत्री भरमा दिवाळीनंतर वडिलांच्या बदलीमुळे निपाणीला गेला आणि खुर्ची रिकामी झाली. म्हणून आज पोटनिवडणूक झाली, अगदी चिठ्ठ्या टाकून. माझ्यासमोर आमच्याच सातवीतला शिवराज उभा होता. खेळात तो शाळेत एक नंबर, पण ओमकारच्या प्रकरणामुळे त्याची मतं गेली.

ओमकार दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात मोठ्या सुट्टीत शिवराज लगोरीचा चेंडू आणायला सुसाट सुटला, ओमकार मध्ये आला आणि धडकला. हात मोडला. आता प्लास्टर मिरवत फिरतो, त्याला त्याचं काही नाही. पण पालकांच्या समितीचे अध्यक्ष सुबराव अण्णा शाळेत येऊन कडाडले, "बाई, मैदान बंद करा. सुट्टीत पोरं वर्गात बसू देत." तेव्हापासून आम्ही मोठ्या सुट्टीत हाताची घडी घालून एकमेकांची तोंडं बघतो. याला सुट्टी म्हणायचं?

शपथ घेतली आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. म्हटलं, बाई, मैदान उघडा, मी बघते सगळ्यांकडे. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीस तारखेला पालकसभा आहे. तोपर्यंत उघडते. मध्ये एक जरी मूल पडलं झडलं तर समिती मैदान कायमचं बंद करणार, आणि मी काही बोलू शकणार नाही. कळलं का, मंत्रीबाई?" मंत्रीबाई म्हणाल्या मला!

घरी पळत आले. आमच्या पुढच्या खोलीत दोन माग आहेत, साड्या विणतात त्यावर. आप्पा मागावर असले की हाक मारून उपयोग नसतो, हातवारे करायचे. आमच्या बेळगावच्या वडगावात मागवाल्यांच्या घरोघरी हेच. अंगठा ओठाला लावला की चहा, दोन्ही हात डोक्यावर धरले की पाहुणे आलेत. पण मंत्री कसं दाखवायचं? मी छाती काढून ऐटीत चालून दाखवलं. आप्पा हसले, म्हणाले, "आणू की, उद्या आणू." काय आणणार आहेत देव जाणे. रात्री जेवताना परत सांगितलं, तर आप्पा टीव्हीकडे बघत नुसते हसले. आमचा टीव्ही इतका मोठ्याने असतो की शेजारचे आपला लावतच नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

शिट्टी मिळाली! नागेंद्र सरांनी दिली. सर कन्नड शिकवतात आणि खेळही घेतात. शिट्टी देताना म्हणाले, "राणी, जपून हां. कमी वाजवलीस तर मुलं जास्त ऐकतात." हे काही मला पटलं नाही. शिट्टी आहे तर वाजवायची.

चुन्याने मैदानाचे दोन भाग केले. चौथीपर्यंतची मुलं स्वयंपाकघराच्या बाजूला, मोठी मुलं फाटकाच्या बाजूला. आणि मुख्य नियम, जो मी स्वतः शोधून काढला: लांब शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे पुतळा. कोणी पडलं, कोणी मध्ये आलं, की शिट्टी, आणि सगळं मैदान गप्प! माझी मैत्रीण रचना म्हणाली, "राणी, तुझ्या डोक्यात हे येतं कुठनं गं?" मलाही आश्चर्यच वाटतं.

३ डिसेंबर, बुधवार

काय दिवस होता! मैदान उघडलं आणि पोरं कोंडवाड्यातून सुटल्यासारखी सुटली. लगोरी, खो-खो, पकडापकडी, सगळं एकदम. मी मधोमध उभी. शिट्टी वाजवली आणि सगळे पुतळे! एका पायावरचा एका पायावर, तोंड उघडलेला तोंड उघडं ठेवून. मला इतका आनंद झाला की मी परत वाजवली. मग परत.

एकच गोष्ट खटकली. सहावीत सौम्या म्हणून नवीन मुलगी आली आहे, जवळच्या बेळगुंदी गावची. आमच्याच गल्लीत जयाबाई मावशींकडे शिकायला राहते. खो-खोत नुसती वीज आहे. पाठीवर थाप पडायचा अवकाश, की उठून पसार. पण लांब शिट्टी वाजली, सगळे थांबले, आणि ही एकटी पळतेय! मग आजूबाजूला बघून थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. मंत्र्याला हसते?

५ डिसेंबर, शुक्रवार

सौम्या उर्मट आहे, आता शंकाच नको. आज मी तिला मागून तीनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. समोर जाऊन उभी राहिले तर कशी गोड हसून म्हणते, "काय गं?" काय गं म्हणे! मी तिला सोमवारपासून आठवडाभर कट्ट्यावर बसवलं. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी जयाबाई मावशींकडे तक्रार घेऊन गेले. त्यांचे माग धडाधड चालू होते, त्यामुळे ओरडून विचारलं, सौम्या घरी पण ऐकत नाही का? मावशी पण ओरडल्या, "कुणाच्या घरात पैल्या हाकंला ओ देत्यात गं पोरं? तू देतीस व्हय?"

तेही खरं. आमच्या गल्लीत पहिल्या हाकेला कोणीच ओ देत नाही. लाईट जाऊन माग बंद पडले तरी माणसं थोडा वेळ तशीच ओरडून बोलत राहतात. पण शाळेत कुठे माग आहे? तिथे न ऐकणं म्हणजे मुद्दामच.

८ डिसेंबर, सोमवार

आजपासून बेळगावात दोन मंत्रिमंडळं! कर्नाटक सरकारचं हिवाळी अधिवेशन इथे सुरू झालं. रस्त्यावर पोलीसच पोलीस, सायरन वाजवणाऱ्या गाड्या, चौकाचौकात अडवाअडवी. मी शाळेत जाताना एका पोलिसाने हात केला आणि मला रस्ता ओलांडू दिला. त्याला माहीत नव्हतं मी कोण ते.

मी नियम वाढवले. धावताना मागे बघायचं नाही. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. चेंडू गुडघ्याच्या वर फेकायचा नाही. चिडवायचं नाही. पकडताना आधी सांगायचं. फळा भरला तेव्हा थांबले. शिवराज म्हणाला, "मागं बघायचं न्हाय, तर मागचा किती जवळ आलाय ते कसं कळणार?" मी म्हटलं, "अंदाजानं."

मग तो जवळ येऊन म्हणाला, "राणी, एक सांगायचं हाय. ती सौम्या हाय न्हवं—" मी शिट्टी वाजवली. मंत्र्याशी बोलायचं तर हात वर करून, हा पण नियम आहे. हरला म्हणून आता सल्ले द्यायला येतो.

१० डिसेंबर, बुधवार

आज मैदानावर एकही धडक नाही! एकही खरचटणं नाही! तसं मैदानात फार कोणी नव्हतं. बहुतेक परीक्षेचा अभ्यास करत असावेत. रचनाने मात्र सांगितलं की मुलांचा घोळका शौचालयाच्या मागे गोट्या खेळत होता, कारण तिथे नियम लागू नाहीत. उद्यापासून तिथेही लागू करते.

सौम्या कट्ट्यावर गप्प बसून असते. मी बोलले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. धाक बसला.

शिवराज परत आला होता, हात वर करून. पण तेवढ्यात चौथीतल्या दोघांनी एकमेकांना ढकललं, म्हणून शिट्टी वाजवायला पळाले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मोठ्या बाई सुट्टीत व्हरांड्यात आल्या. रिकामं मैदान बघून म्हणाल्या, "राणी, मुलं कुठं आहेत?" मी म्हटलं, "सुरक्षित आहेत, बाई." बाईंनी तोंडाला पदर लावला. ठसका लागला असेल.

पण मग नागेंद्र सर आले आणि त्यांनी माझा अख्खा फळा पुसला! एकच नियम ठेवला, पुतळ्याचा. मला रडायलाच आलं. सर म्हणाले, "अगं, खेळच नाही राहिला तर सांभाळणार काय?" मी बोलले नाही. रागावले आहे मी. उद्याही बोलणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

बोलले. बोलावंच लागलं, कारण आज इतकी मजा होती! पोरं सगळी परत आली. शिवराजने घरच्या मागाच्या वाया गेलेल्या सुताचा मऊ चेंडू बांधून आणला, लागला तरी कळत नाही. प्लास्टरवाला ओमकार लगोरीचा पंच झाला आणि चुन्याच्या रेघेवर उभा राहून सगळ्यांना बाद देतो, खेळणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. पहिलीतल्या मुली मध्ये आल्या की मोठी मुलं आपणहून वळसा घालतात. हे मी फळ्यावर लिहिलं नव्हतं, तरी करतात.

रचना म्हणाली, "तू पण ये की." मी म्हटलं, मग बघणार कोण? सौम्याची शिक्षा संपली, तिलाही घेतलं. पाच दिवस उरले. मैदान वाचणार! मला झोप येत नाहीय.

१६ डिसेंबर, मंगळवार

अक्षर बघा कसं आलंय.

मोठी सुट्टी. मोठ्या बाई मीटिंगला गेलेल्या. फाटक उघडं होतं आणि तांदळाच्या पोत्यांचा टेम्पो आत आला. दुपारच्या जेवणाचं सामान घेऊन येतो तो. स्वयंपाकघराकडे नेण्यासाठी त्याने वळवून मागे घ्यायला सुरुवात केली. मी लगेच लांब शिट्टी वाजवली. सगळं मैदान पुतळा! ड्रायव्हर हॉर्न वाजवत मागे येतोय, मुलं जागच्या जागी. इतका सुंदर चालला होता माझा नियम. आणि सौम्या!

तिची नजर वर चेंडूवर, आणि ती पाठमोरी पळत सरळ टेम्पोच्या मागे चालली. मी शिट्टी वाजवली, वाजवली, वाजवली. ती थांबेना. तेवढ्यात शिवराज पुतळ्यातून सुटला, धावत गेला आणि त्याने तिला जोरात ढकललं. दोघं खडीवर पडले. टेम्पो थांबला, पण ती होती त्या जागेच्या पुढे येऊन थांबला. शिवराजचं कोपर सोललं, रक्त. सौम्याचा गुडघा.

मी दोघांवर इतकी ओरडले की घसा बसला. ती शिट्टीला थांबली नाही, आणि तो पुतळा असताना हलला, शिवाय ढकललं. शनिवारपर्यंत दोघंही बाहेर. शिवराज कोपराला फुंकर घालत निघून गेला. सौम्या रडत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

नंतर सुचलं, ही दुखापत धरायची का? विचार केला आणि ठरवलं, दुखापत म्हणजे डॉक्टरकडे जावं लागतं ती. हे खरचटणं आहे. नागेंद्र सरांना तेवढंच सांगितलं, टेम्पोचं सांगितलं नाही. मुलांना म्हटलं, सभेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मैदान जाईल नाहीतर. कोणी बोलणार नाही. सगळ्यांना मैदान हवंय.

१७ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

संध्याकाळी लाईट गेली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. आप्पा मागाजवळ स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसले होते, तुटलेला धागा बोटांनी चाचपत. आईने मला कपात चहा दिला. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "आप्पा, चहा." ते हलले नाहीत. "आप्पा, चहा घ्या." नाही. मी एकदम मोठ्याने म्हटलं, "आप्पा!" पलीकडच्या घरातून कोणीतरी "काय झालं गं?" म्हणून विचारलं. आप्पा धागा चाचपत होते.

माग बंद होता. समोरच्या घरातलं बाळ हुंदके देत होतं, तेसुद्धा मला ऐकू येत होतं. आणि माझ्या आप्पांना माझी हाक ऐकू गेली नाही.

चहा कपातून माझ्या हातावर सांडला तेव्हा कळलं मी रडतेय. जेवतानाचा टीव्ही. नुसतं हसणं. "उद्या आणू." मी मंत्री झालेलं आप्पांना अजून माहीतच नव्हतं! मी सगळा दोष मागाच्या आवाजाला देत होते आणि माग तर किती वेळा बंद असायचा.

मी पुढे जाऊन त्यांच्या समोर बसले. कानाला हात लावून खूण केली, नाही? आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मग हळू म्हणाले, "म्हायती हाय गं मला. लई दिवस झालं. मागवाल्याला कान कशाला लागत्यात? हात चालत्यात तवर चालतंय." आई पदराने चेहरा पुसत आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

आणि त्याच क्षणी मला सौम्या दिसली, मागे पळत जाणारी.

मी चहा तसाच ठेवून धावत जयाबाई मावशींकडे गेले. सौम्या पायरीवर गुडघ्याला हळद लावून बसली होती. मी तिच्या मागे उभं राहून हळूच म्हटलं, सौम्या. मग मोठ्याने. मग समोर गेले. ती दचकली, आता अजून कसली शिक्षा म्हणून. मी तिच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "तुला ऐकू येत न्हाय?"

ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात ताप आलता. तवापासनं लांबचं आन मागचं न्हाय येत. समोरून बोललं तर कळतंय."

"मग सांगितलं का न्हाईस गं?"

"गावात असताना आई म्हणायची, पोरगी लई हट्टी झालीया. हितं आले तर हितं कुणीच पैल्या हाकंला ओ देत न्हाय. सगळी हातानं बोलत्यात. मला वाटलं, हितं चालतंय."

हितं चालतंय! आणि मी तिला आठवडाभर कट्ट्यावर बसवलं. मी तिथेच तिचा हात धरून भोकाड पसरलं. मग तीच मला समजावत होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सगळ्यात आधी शिवराजला गाठलं. माफी मागितली. कोपराला पट्टी होती त्याच्या. मी म्हटलं, सौम्याला ऐकू येत नाही. तो म्हणाला, "व्हय की. पैल्या दिवसापासनं दिसतंय."

"मग सांगायचं न्हाय मला?"

"सांगाय आलतो की. दोनदा. तू शिट्टी वाजवलीस."

मग आम्ही दोघं कामाला लागलो, आणि परत मजा यायला लागली! शिवराज म्हणाला, शिट्टी नकोच. ज्याला धोका दिसेल त्याने दोन्ही हात वर करायचे. त्याला बघून दुसऱ्याने, त्याला बघून तिसऱ्याने. सगळं मैदान हात वर करून थांबेल. मी म्हटलं, आणि जो पाठमोरा असेल त्याच्या खांद्याला शेजारच्याने हात लावायचा. सौम्या म्हणाली, "हळू लावायचा. दचकाय होतंय."

दुपारी करून बघितलं. पहिल्यांदा गोंधळ, अर्धी पोरं हात वर करून नाचायलाच लागली. दुसऱ्यांदा पहिलीतल्या एका चिमुरडीने हात वर केले, कारण तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि बघता बघता अख्खं मैदान थांबलं! आवाज नाही, काही नाही! नागेंद्र सर व्हरांड्यात उभे होते, त्यांनीही हात वर केले.

पण टेम्पोचं मोठ्या बाईंना सांगायचं राहिलंय. सांगितलं तर मैदान जाणार. नाही सांगितलं तर सौम्याच्या कानाचं कोणाला कळणार नाही, आणि ते फाटक पुन्हा उघडं राहणार. दोन्हीकडून वाईट. परवा सभा.

२० डिसेंबर, शनिवार

आता एका दमात लिहिते.

सकाळची शाळा सुटल्यावर सभा भरली. सातवीच्या वर्गात पालक, पुढे खुर्चीत सुबराव अण्णा, शेजारी मोठ्या बाई. आप्पा माग बंद ठेवून आले होते आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. बाईंनी मला पुढे बोलावलं आणि हसून म्हणाल्या, "सांगा मंत्रीबाई, किती मुलं पडली?" एकही नाही, असं म्हणायचं होतं. सगळी पोरं खिडकीतून बघत होती.

मी म्हटलं, "दोघं पडली. मी लपवलं."

मग सगळं सांगितलं. टेम्पो, फाटक, शिट्टी, सौम्या, शिवराज. त्याला मी शिक्षा केली तेही. मध्येच सुबराव अण्णा म्हणाले, "बोल, पण ते हात कशाला हलवाय लागलीयास?" मला कळलंच नव्हतं. मी तोंडाने बोलत होते आणि हातांनीही. म्हटलं, "आप्पा मागं बसल्यात." सगळ्यांनी वळून मागे बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. मला वाटलं, मेले मी, भर सभेत आप्पांचं उघडं पाडलं.

सुबराव अण्णा म्हणाले, "पोरीनं खरं सांगितलं, बरं केलं. पण ठरलं ते ठरलं. टेम्पोखाली गेली असती पोर. मैदान बंद."

मी ओरडलेच, "अण्णा, माझं मंत्रिपद काढून घ्या, पण मैदान घेऊ नका! चूक माझी हाय, मैदानाची न्हाय!"

तेव्हा ओमकारची आई मालुबाई उठली. मला वाटलं, हीच आता जास्त बोलणार, हिच्याच पोराचा हात मोडलाय. ती म्हणाली, "अण्णा, माझं पोरगं घरात असलं तर मागाजवळ बोटं घालतंय. हितं चार पोरं त्याला संभाळून घेत्यात. रोज घरी येऊन सांगतंय, मी पंच हाय म्हणून. मैदान कशाला बंद? फाटक बंद करा की! टेम्पो शाळा सुटल्यावर येऊ दे. त्यो सुट्टीत येतोय, ही पोरांची चूक हाय व्हय?"

आणि मग सगळे पालक एकदम बोलायला लागले, आमच्या गल्लीसारखे, ओरडून. अण्णांनी टेबल थोपटलं. शेवटी ठरलं: मैदान उघडं! टेम्पो सुट्टीत आत येणार नाही, फाटकाला कुलूप, किल्ली नागेंद्र सरांकडे. खिडकीतली पोरं अशी ओरडली की बाईंनी कान झाकले. अण्णा मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "आन मंत्री बदला. जखम लपवणारा मंत्री नगं." मी मान हलवली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण पटलंही.

शेवटी मोठ्या बाई जयाबाई मावशींना म्हणाल्या, "सोमवारी दुपारी मी स्वतः सौम्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेते, तुम्ही सोबत या." मी सवयीने तेही हातांनी सांगितलं. आणि मागच्या बाकावर माझे आप्पा उभे राहिले. सगळे बघत होते. आप्पा म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने, कारण त्यांना आपला आवाज कळत नाही, "बाई, मीबी येतो. माझंबी बघाय सांगा."

कोणी हसलं नाही. मग त्यांच्या शेजारचे मागवाले एक आजोबा हळूच म्हणाले, "मग मीबी येतो की." आणि तिसरे एक.

घरी येताना आप्पांनी माझ्याकडे बघून छाती काढली, ऐटीत चालून दाखवलं आणि भुवया उडवल्या. म्हणजे, मंत्रीण होतीस व्हय गं? मी मान हलवली आणि हात झटकले. होते, आता नाही. आप्पा भर रस्त्यात इतके हसले की पोलीसही बघायला लागला.

२२ डिसेंबर, सोमवार

नवा क्रीडामंत्री शिवराज. बिनविरोध. त्याने शिट्टी नागेंद्र सरांना परत दिली.

मोठी सुट्टी झाली आणि मी सवयीने मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. शिवराज म्हणाला, "तू हितं का थांबलीयास? मधनं बाजूला हो, लागंल कुणाचा तरी धक्का." मी बाजूला झाले. मग हात कुठे ठेवायचे तेच कळेना. तेव्हा लक्षात आलं की मैदान उघडल्यापासून मी एकदाही खेळले नव्हते. एकदाही! मैदानासाठी एवढी भांडले आणि माझ्या चपलांना धूळसुद्धा लागली नव्हती.

रचनाने हाताला धरून ओढलं. चपला भिंतीकडे टाकल्या आणि धावले. दोनदा सगळं मैदान हात वर करून थांबलं, एकदा ओमकारच्या प्लास्टरची पट्टी सुटली म्हणून आणि एकदा मध्येच कुत्रं आलं म्हणून, आणि दोन्ही वेळा मी उड्या मारत थांबले, कारण थांबवत नव्हतं. मग परत धावले. सौम्याला दुपारी डॉक्टरांकडे जायचं होतं, तरी ती शेवटच्या मिनिटापर्यंत खेळत होती. ती माझ्या मागे लागली. मी मागे बघितलं, किंचाळले, वळले, पाय घसरला, सावरले, आणि तिने मला गाठलंच.

सगळ्यात आधी बाद झाले. ओमकारने तर दोनदा बाद दिलं. अजून दम लागलाय, आणि उद्या परत मोठी सुट्टी आहे.